समुपदेशन की पैसे? वादच चुकीचा मांडलाय

कोरोनाने लोकांच्या मनाचं काय केलं हा विषय कुठेही काढा, दहा मिनिटांत वाद तीन कोपऱ्यांत जाऊन बसतो. एका कोपऱ्यात "आमच्या आज्या-पणज्यांनी प्लेग काढला, मानमोडी (१९१८ ची फ्लूची साथ) काढली, त्यांना कुठे लागलं काउन्सेलिंग, ही सगळी पोट भरलेल्यांची थेरं" म्हणणारे. दुसऱ्यात प्रत्येक दुःखावर "थेरपी घे" हे एकच उत्तर असलेले, ज्यांना तालुक्याच्या गावात थेरपिस्ट कुठे बसतो आणि त्याची फी कोण भरणार हे प्रश्न पडतच नाहीत. आणि तिसऱ्यात माझे बरेचसे मित्र, म्हणजे चळवळीतले, की ज्या बाईचा नवरा गेला, डोक्यावर हॉस्पिटलचं कर्ज बसलं, तिला तुम्ही काय खोल श्वास घ्यायला सांगणार का, पैसे द्या की आधी. तिघंही आपापल्या जागी ठाम, आणि तिघांनीही मिळून एक गोष्ट गृहीत धरलेली, की समुपदेशन म्हणजे बंद खोलीत खुर्चीवर बसून केलेल्या गप्पा आणि मदत म्हणजे बँकेत आलेले पैसे, आणि या दोन गोष्टींची खाती वेगळी. माझं म्हणणं असं की हे गृहीतकच मोडीत काढायला हवं. साथीनंतरचं समुपदेशन सरकारी खर्चाने हवंच, साथ चालू असताना हवं त्यापेक्षा ती ओसरल्यावर जास्त हवं, पण ते नुसतं हेल्पलाइनच्या नंबरात असून भागत नाही. जिथे मदतीचा अर्ज भरला जातो तिथेच ते असायला हवं, आणि अर्ज भरून देणारं माणूस आणि ऐकून घेणारं माणूस शक्यतो एकच असावं.

तिसऱ्या कोपऱ्यातल्यांचं आधी घेतो कारण त्यांचं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. ३१ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागून जेमतेम आठवडा झाला होता आणि लोक शहरांमधून चालत गावाकडे निघाले होते, तेव्हा सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की मजुरांच्या निवारा छावण्यांमध्ये प्रशिक्षित समुपदेशक आणि सगळ्या धर्मांचे पुढारी पाठवा, म्हणजे त्यांची घबराट कमी होईल. पुढच्याच आठवड्यात मजुरांना थेट मजुरीचे पैसे द्या ही मागणी कोर्टापुढे आली तेव्हा सरन्यायाधीश शरद बोबडे, आपल्या नागपूरचेच, त्यांनी विचारलं की जेवण मिळतंय तर जेवणासाठी पैसे कशाला हवेत. आता हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघा आणि मग सांगा की समुपदेशन या शब्दाचा गरीब माणसाला संशय का येऊ नये? घरी पैसे पाठवता येत नाहीयेत, खोलीचं भाडं थकलंय, मालक फोन उचलत नाही, आणि सरकार म्हणतंय तुमच्या भीतीशी बोलायला माणूस पाठवतो. ही भीती आजार नव्हती, परिस्थितीचा बरोबर लावलेला अंदाज होता. अशा वेळी समुपदेशक पाठवणं म्हणजे अन्यायाला दुखणं ठरवून मोकळं होणं, आणि हे आपल्याकडे अगदी वरच्या पातळीवर झालंय, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आकडेही त्यांच्याच बाजूने बोलतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१९ साली देशात १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद आहे, २०२१ साली ती १,६४,०३३ वर गेली, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,२०७, आणि देशभरात दर चौघांतला एक रोजंदारीवर काम करणारा. ही सगळी वाढ कोरोनाच्याच खात्यावर टाकता येणार नाही, एकेका मृत्यूमागे दहा कारणं असतात, पण रोजंदारीवाल्यांचा वाटा वाढत जाणं हे काही मेंदूतल्या रसायनांचं कोडं नाही. तिकडे इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम देणारी योजना टप्प्याटप्प्याने लागू होत गेली तेव्हा अभ्यासकांना दिसलं की ती जिथे पोहोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण साधारण १८ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे पैसा हे मानसिक आरोग्याचं औषध आहे, आणि चांगलं औषध आहे. यावर माझा वाद नाहीच.

माझा वाद त्याच्या पुढच्या वाक्याशी आहे, की म्हणून समुपदेशन नको. कारण पैसे मंजूर होणं आणि पैसे हातात पडणं यात जे अंतर आहे ते चालायला माणूस उभं तर राहायला लागतं ना? कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, तेही सुप्रीम कोर्टाने जूनमध्ये झापल्यावर. मग अर्ज ऑनलाइन, सोबत मृत्यूचा दाखला, आरटीपीसीआरचा किंवा दवाखान्याचा कागद, आधार, बँक पासबुक. अनेकांच्या दाखल्यावर कोविड असं लिहिलेलंच नव्हतं, आणि केवळ तेवढ्यावरून कुणाला नाकारू नका हे परत कोर्टालाच सांगावं लागलं. आता कल्पना करा, तिशीतली बाई, नवरा गेलाय, सासरचे म्हणतायत जमीन दिराच्या नावावर करून टाक, फायनान्सवाला दर आठवड्याला दारात, रात्र रात्र झोप नाही, डोक्यात एकच, की त्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं तर वाचला असता. ही बाई सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहणार, तलाठ्याकडे तीनदा जाणार, दाखल्यातली चूक दुरुस्त करून आणणार? काही जणी गेल्या, वाघिणीसारख्या लढल्या. पण जी अंथरुणातून उठतच नव्हती तिचं काय? जिला वाटत होतं की त्याच्या मरणाचे पैसे घेणं हेच पाप आहे, तिचं काय? ही शेवटची गोष्ट मी मनाने सांगत नाहीये, एकल महिलांमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे ऐकलेलं असतं. पैसे आधी की मन आधी हा प्रश्न कागदावर छान दिसतो, त्या बाईच्या घरात तो प्रश्नच नसतो, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं.

सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सोबतच्यांनी साथीत नवरा गेलेल्या बायकांसाठी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती काढली ती मला म्हणूनच या सगळ्या वादापेक्षा शहाणी वाटते. त्यांचा सगळा जोर हक्कांवर, योजनांवर, तहसीलच्या पातळीवर बैठका लावायला भाग पाडण्यावर, म्हणजे वरवर बघता पैसे आणि कागदांचं काम. पण चार गावच्या सारख्याच दुःखाच्या बायका एका खोलीत येतात, एकमेकींचे अर्ज बघतात, तुझ्या दिराने काय केलं माझ्या दिराने काय केलं हे बोलतात, तेव्हा तिथे जे होतं ते समुपदेशन नाही तर काय आहे? फक्त ते कुणी आखून केलेलं नाही, कुणाचा पगार त्यासाठी निघत नाही, आणि कार्यकर्ते थकले की ते थांबतं. सरकारने शिकायचं होतं ते इथून.

आता पहिला कोपरा, आज्या-पणज्यांचा. हा युक्तिवाद मला आधी फार राग आणायचा, पण त्यात एक खरं बीज आहे ते आधी सांगतो. आपल्या समाजात दुःखाची व्यवस्था होती. घरात माणूस गेलं की चूल पेटायची नाही, शेजारून नात्यातून कडू घास यायचा, बायका गळ्यात पडून रडायच्या, पुरुष ओसरीवर नुसते बसून राहायचे, काही न बोलता, दहावा, तेरावा, मग दुखवटा काढायचा. मुसलमानांकडे चाळीसावा, ख्रिश्चनांकडे महिन्याचा मिस्सा. तेरा दिवस किंवा चाळीस दिवस तुम्हाला एकटं सोडायचंच नाही आणि नंतर हळूहळू कामाला लावायचं, हे जे आहे ना, त्यात कुठल्याही शहाण्या समुपदेशकाला कळावं इतकं शहाणपण आहे. (त्याच व्यवस्थेने विधवेच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, हेही तितकंच खरं, आणि हेरवाडच्या ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये त्याविरुद्ध ठराव करावा लागला. तेव्हा फार गहिवरून जायचं कारण नाही.) तर पणजीला काउन्सेलर लागला नाही कारण तिच्याभोवती वाडा होता, हे मला निम्मंअधिक मान्य आहे.

पण मग कोरोनाने नेमकं काय मोडलं ते तरी बघा. माणूस अॅम्ब्युलन्समध्ये बसून गेला तो परत दिसलाच नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, काहींना तेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेले गेले, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली आणि पान उलटलं. भेटायला कुणी आलं नाही, येणं गुन्हा होता. कडू घास नाही, ओसरीवरचं मुकं बसणं नाही, तेरावा व्हिडिओ कॉलवर, उलट शेजाऱ्यांनी दाराला आतून कड्या लावल्या आणि घरावर कंटेनमेंटचा बोर्ड. म्हणजे ज्या आधाराच्या जोरावर तुम्ही म्हणता की आपल्याला समुपदेशन लागत नाही, बरोबर तोच आधार या साथीने काढून घेतला, आणि लाखो घरांतून एकाच वेळी काढून घेतला. मग त्या जागी काय ठेवायचं हा प्रश्न विचारायचाच नाही?

आणि आज्या-पणज्या खरंच ठीक होत्या हे आपल्याला कुणी सांगितलं? १९१८ च्या मानमोडीत हिंदुस्थानात सव्वा-दीड कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, काही जण दोन कोटीही धरतात. मागे उरलेल्यांचं काय झालं याची नोंद कुणी ठेवली? देवऋषी, अंगात येणं, विहीर, दारू, बारा वर्षांच्या पोरीचं घाईघाईने बिजवराशी लावलेलं लग्न, या सगळ्यात ते दुःख कुठे कुठे जिरलं असेल ते मोजायला कुणी नव्हतंच. नोंद नाही म्हणजे त्रास नव्हता असं म्हणायचं तर मग १९१८ मध्ये बऱ्याच खेड्यांत डॉक्टरही नव्हता, तेव्हा डॉक्टरही नको म्हणा.

प्लेगचं उदाहरण तर या मंडळींवर उलटतंच. १८९७ चं पुणं आठवा. रँडच्या प्लेग कमिटीने वैद्यकीयदृष्ट्या जे करायचं ठरवलं त्यातलं बरंचसं, म्हणजे रुग्ण वेगळे करा, घरं साफ करा, हे त्या काळच्या शास्त्राप्रमाणेच होतं. पण गोरे सोल्जर देवघरापर्यंत घुसले, बायकांची तपासणी चव्हाट्यावर केली, लोकांशी बोलणं हा कामाचा भाग आहे असं वाटलंच नाही कुणाला. परिणाम काय? लोक आजारी माणसं लपवायला लागली, हॉस्पिटलात नेलं म्हणजे मारायलाच नेलं असं समजायला लागली, आणि शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडण्यात झाला. त्याच साथीत पुण्याबाहेर सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत दवाखाना चालवत होते, आजाऱ्याला स्वतः उचलून आणत होते, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. एकाच शहराच्या परिसरात, एकाच साथीत, दोन पद्धती. लोक कुठल्या दारात आपणहून गेले असतील? साथीत माणसाच्या भीतीची दखल घेणं हा चोचला नसतो, तो साथ आटोक्यात आणण्याचाच भाग असतो, हे आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी इतक्या महागात शिकवून झालंय.

आता दुसरा कोपरा, सगळ्यांना थेरपी द्या म्हणणारा. यांच्याशी माझं भांडण थोडक्यात आटपेल. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, आणि तेव्हापासून हा आकडा पोस्टरवर फिरतोय. पण मोठ्या संकटातून गेलेली बहुतेक माणसं काही महिन्यांत आपापली सावरतात, त्यांना झोप, काम, चार माणसं आणि थोडी निश्चिंती मिळाली की बास. एवढंच नाही, आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून एका बैठकीत मन मोकळं करायला लावायचं ही जी पद्धत एकेकाळी फार चालली होती ती तपासून बघितल्यावर निरुपयोगी निघाली, काही अभ्यासांत तर तिने नुकसानच केलं. म्हणून तर आता आपत्तीतल्या प्रथमोपचाराचा सल्ला साधा असतो, आजूबाजूला बघा, ऐकून घ्या, आणि लागेल त्या मदतीशी जोडून द्या. तिसरी पायरी नीट वाचा. जोडून द्या. म्हणजे रेशन, पेन्शन, दाखला, डॉक्टर. ज्या शास्त्राच्या नावाने तुम्ही थेरपी विकताय तेच शास्त्र सांगतंय की अर्ज भरून देणं हा उपचाराचा भाग आहे.

सरकारने काय केलं? नंबर दिले. मार्च २०२० मध्ये बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा नंबर, मग विद्यार्थ्यांसाठी मनोदर्पण, सप्टेंबरमध्ये किरण, आणि १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस, १४४१६. टेलिमानसला मी नावं ठेवणार नाही, रात्री दोन वाजता मराठीत बोलणारं कुणीतरी फुकटात मिळणं ही या देशात साधी गोष्ट नाही, ज्याला गरज आहे त्याने बिनधास्त फोन करावा. पण नंबरला मर्यादा आहेत आणि त्या ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच आडव्या येतात. घरात एकच मोबाइल, तो मुलाच्या किंवा दिराच्या हातात, भिंती पत्र्याच्या, कुठे जाऊन बोलणार ती? शिवाय फोन करायला आधी आपल्याला काहीतरी झालंय हे मान्य असावं लागतं. गावातली बाई दवाखान्यात येते ती "अंग दुखतंय, डोकं धरतं, झोप येत नाही" म्हणून येते, आणि गोळ्या घेऊन परत जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, त्यात महाराष्ट्र नव्हताच हा भाग वेगळा, वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत असं निघालं होतं. हे कोरोनाच्या आधीचं चित्र. एवढी दरी नुसत्या फोनने भरायची म्हणता?

आणि यातली चीड आणणारी गोष्ट ही की दुसरा रस्ता शोधायला अमेरिकेला जायला नको होतं. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून दाखवलंय. मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसं निवडली, शिकवली, आणि तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. कुठली कामं सुटलीत, त्यातलं कुठलं उद्यापासून परत धरता येईल, कुठला प्रश्न सोडवता येईल, असं अगदी जमिनीवरचं बोलणं. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्यांना हे मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर होते त्यांच्यातले ३९ टक्के. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. अमरावतीच्या गावांमध्ये विश्राम नावाचा प्रकल्प झाला, तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं. आणि माझ्या मुद्द्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे आत्मीयता, पुण्यातल्या मंडळींनी नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू केलेलं, ज्यात गावातलीच माणसं ऐकून घ्यायला शिकतात आणि त्याच बैठकीत पेन्शन, रेशन अशा सरकारी योजना मिळवून द्यायलाही मदत करतात. म्हणजे तिसऱ्या कोपऱ्याचं आणि दुसऱ्या कोपऱ्याचं भांडण नाशिकच्या खेड्यात मिटलेलं होतं, तेही कोरोना यायच्या आधी. आपण मात्र ते सोशल मीडियावर अजून चालवतोय.

यावर दोन आक्षेप मला खरंच अडचणीचे वाटतात. पहिला, की हे सगळं शेवटी आशाताईच्या गळ्यात पडणार. बरोबर आहे, पडणार, पडलंच आहे आधी. साथीत घरोघर ऑक्सिमीटर घेऊन तीच फिरली, "माझे कुटुंब माझी जबाबदारी"चे फॉर्म तिनेच भरले, केंद्राने महिना हजार रुपये जादा देऊन तिचा सत्कार केला, आणि जून २०२१ मध्ये तिला संपावर जावं लागलं. शेतकरी आत्महत्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला तेव्हाही प्रश्नावली घेऊन जायचं काम तिचंच. म्हणून मी म्हणतोय की हे काम तिच्या यादीतला सदतिसावा मुद्दा करायचा नाही. वेगळं पद, वेगळा पगार, आणि आशाने फक्त कुणाच्या घरी जायला हवं ते सांगायचं. गोव्यातही ती माणसं याच कामासाठी नेमलेली होती, पगारी होती, आणि दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या भेटींची रेकॉर्डिंग ऐकून चुका काढत होती. स्वस्तात करायला गेलं की नेमकी ही आठवड्याची बैठक पहिल्यांदा कापली जाते आणि मग उरतं ते दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि गळ्यातलं ओळखपत्र.

तिथूनच दुसरा आक्षेप येतो, भोंदूंचा. दोन वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून काउन्सेलरची पाटी लावणारे लॉकडाऊनमध्ये किती उगवले ते आपण पाहिलंय, आणि गावपातळीवर हेच सरकारी शिक्क्याने झालं तर? भीती योग्य आहे. पण याला उपाय म्हणून फक्त पदवीवाल्यांनीच बोलायचं असं ठरवलं तर देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, म्हणजे त्याचा अर्थ कुणीच बोलायचं नाही असा होतो. गावातल्या माणसाने काय करायचं आणि कुठे थांबून वर पाठवायचं याची रेघ आखता येते, आणि वर पाठवायला जिल्ह्याला कुणीतरी बसलेलं असावं लागतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१७ च्या कायद्याने तर सरकारी खर्चाने मानसिक उपचार मिळणं हा हक्कच केलाय. कायदा आहे, कार्यक्रम आहे, मग अडतंय कुठे? २०२१-२२ चं केंद्राचं बजेट काढून बघा, म्हणजे दुसरी लाट दारात उभी होती त्या वर्षीचं. मानसिक आरोग्याच्या नावाने ५९७ कोटी, त्यातले ५०० कोटी एकट्या निम्हान्सला आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला ४०. निम्हान्स मोठी संस्था आहे, तिला मिळायलाच हवेत, पण बंगळूरूची संस्था किनवटच्या बाईच्या दारात येणार नाही.

लोक म्हणतील आता काय त्याचं, साथ संपून किती वर्षं झाली. साथ संपली, पण त्या घरांतल्या जमिनीच्या वाटण्या, सोनं गहाण टाकून काढलेली कर्जं, बापाशिवाय दहावीला बसलेली मुलं, हे कुठे संपलंय? आणि माणसं शोधायचीही नाहीत, कारण ५० हजारांसाठी ज्यांनी पोर्टलवर अर्ज केले त्यांची नावं, पत्ते, खाते नंबर सगळं सरकारजमा आहे, आई-बाप किंवा त्यातला एक गेलेल्या मुलांना मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेत कुठल्या घरातली मुलं आहेत तेही महिला व बालविकास खात्याला माहीत आहे. तालुक्याला एक माणूस नेमायचा आणि त्याला ही यादी द्यायची, सुरुवात एवढ्यानेसुद्धा होते. ज्यांचे अर्ज कागदाअभावी बाद झाले त्यांचीही यादी तिथेच असणार, आणि मला विचाराल तर पहिल्यांदा त्यांच्याकडे जायला हवं.